स्टेशन वॅगन : नाव, रूप आणि प्रयोजन

१

वस्तूचे नाव आणि वस्तूचे प्रयोजन यांचा जन्म बहुधा एकत्र होतो. परंतु त्यांचा अंत एकत्र होतोच असे नाही. प्रयोजन संपते आणि नाव उरते. क्वचित नावही पुसले जाते आणि वस्तूच्या अंगावरील एखादी खूण तेवढी मागे राहते. भाषेच्या अभ्यासकास हा अनुभव नवा नाही. ‘तेल’ हा शब्द तिळापासून निघाला. आज खोबऱ्याचे तेल, करडईचे तेल, इतकेच काय, घासलेट तेल म्हणतानाही तिळाची आठवण कोणास होत नाही. शब्दांच्या बाबतीत ही घडामोड बारकाईने तपासली जाते. मानवाने घडविलेल्या वस्तूंच्या बाबतीत मात्र टीकाकार एकतर उपयुक्तता पाहतो किंवा सौंदर्य पाहतो. वस्तूच्या अंगावर उरलेल्या अवशेषाचा अर्थ लावण्याचे काम तो सहसा करीत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत भरभराटीस आलेली ‘स्टेशन वॅगन’ ही पूर्णाकार मोटारगाडी अशा चिकित्सेस विशेष सोयीची आहे; कारण एक अवशेष तिच्या नावात आहे आणि दुसरा तिच्या अंगावर.

ही चिकित्सा पुणे जिल्ह्यातील दौंड व शिरूर या दोन तालुक्यांच्या पार्श्वभूमीवर केल्यास विषय अधिक स्पष्ट होतो. हे दोन तालुके एकमेकांस लागून आहेत; दोहोंमध्ये भीमा वाहते. दौंड हे रेल्वेचे जंक्शन आहे. पुण्याहून सोलापूरकडे जाणारा लोहमार्ग तेथून जातो, आणि १८७८ साली सुरू झालेला मनमाडचा फाटा तेथूनच फुटतो. इंग्रजी अमदानीत ‘धोंड’ अशा काहीशा रांगड्या उच्चाराने ओळखले जाणारे हे गाव स्टेशनानेच वाढविले, असे म्हणावयास हरकत नाही. उलट घोडनदीच्या काठी वसलेले शिरूर हे रस्त्याचे गाव. एकेकाळी तेथे इंग्रजांची छावणी होती. पुणे-नगर रस्ता गावास लागूनच जातो. परंतु शिरूर शहरास आजही रेल्वेचे स्टेशन नाही. एका तालुक्यात स्टेशन आहे, दुसऱ्यात स्टेशनापर्यंत जाण्याची अडचण आहे. ‘स्टेशन वॅगन’ या नावातील मूळ प्रश्न नेमका हाच होता.

२

प्रथम शब्दाचा विचार करू. ‘स्टेशन’ आणि ‘वॅगन’ हे दोन्ही शब्द मराठीत रेल्वेबरोबर आले, आणि दोहोंचे नशीब मात्र भिन्न ठरले. ‘स्टेशन’ हा शब्द सुशिक्षितांच्या तोंडी जवळजवळ जसाच्या तसा राहिला. ग्रामीण बोलीत आरंभीचे जोडाक्षर सोडवून ‘ठेसन’, ‘टेसन’, किंवा आरंभी स्वर घेऊन ‘इष्टेशन’ अशी रूपे झाली. हे सर्व बदल ध्वनींच्या सोयीचे आहेत. त्यांनी अर्थास हात लावला नाही.

‘वॅगन’चे तसे झाले नाही. मालगाडीच्या डब्यास मराठीत ‘वाघीण’ म्हणतात. दौंडसारख्या जंक्शनात, जेथे मालगाड्या उभ्या राहतात, तुटतात आणि जोडल्या जातात, तेथे हा शब्द रोजच्या वापरातला. केवळ उच्चाराच्या सोयीने ‘वॅगन’चे ‘वागन’ झाले असते. ‘ग’चा ‘घ’ होण्यास आणि शेवटी ‘ईण’ येण्यास ध्वनिनियमाचा आधार नाही. येथे लोकव्युत्पत्तीने काम केले आहे. अनोळखी शब्दात ओळखीचा ‘वाघ’ ऐकू आला, आणि मग माळी-माळीण, वाघ-वाघीण या स्त्रीलिंगी प्रत्ययाने शब्दाचा उत्तरार्ध मराठी व्याकरणाच्या चौकटीत बसविला. ‘गाडी’ स्त्रीलिंगी असल्यामुळे हे लिंगही शोभून गेले. उतारूंचा तो ‘डबा’ आणि मालाची ती ‘वाघीण’ असा एक नेमका भेद मराठीने इंग्रजी शब्दातून स्वतःच्या बळावर निर्माण केला. अर्थात त्या लोखंडी पेटीत वाघाचे काहीही नाही. परंतु शब्द जेव्हा घडला तेव्हा कोणी तरी त्या वस्तूकडे पाहिले होते, तिचा आवाज ऐकला होता आणि तिला नाव दिले होते, एवढे त्यावरून सिद्ध होते.

या पार्श्वभूमीवर ‘स्टेशन वॅगन’ हा समास मराठी कानास कसा लागेल? त्याचा साधा विग्रह ‘स्टेशनातली वाघीण’ असा होईल, आणि ती वस्तू रुळावर उभी असेल. अमेरिकन इंग्रजीत विग्रह वेगळा आहे : स्टेशनासाठी असलेली गाडी. आपल्या व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे तर तो सप्तमी तत्पुरुष नसून चतुर्थी तत्पुरुष आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत रेल्वेने उतरलेले उतारू आणि त्यांचे सामान हॉटेलात वा घरी पोहोचविण्यासाठी स्टेशनाबाहेर घोड्यांच्या गाड्या उभ्या राहत; स्टेशनाशी असलेल्या या संबंधावरून त्यांस नाव मिळाले, आणि मोटार आल्यावर तेच काम करणाऱ्या मोटारीसही ते चिकटले. या गाड्यांस आपल्याकडील समांतर वाहन म्हणजे टांगा. स्टेशनाबाहेर उभे राहणे, उतारू आणि वळकट्या एकदम उचलणे, गावात नेऊन सोडणे, हे सर्व टांग्याने केले. मात्र टांग्याच्या नावात स्टेशन नाही. म्हणून स्टेशनाचा संबंध सुटल्यावरही त्याचे नाव खोटे पडले नाही.

भारतीय शब्दविचारात शब्दांचे यौगिक, रूढ आणि योगरूढ असे प्रकार मानतात. अवयवांच्या अर्थावरून ज्याचा अर्थ निघतो तो यौगिक. अवयवांचा अर्थ ज्यास लागू पडत नाही तो रूढ. आणि अवयवार्थ लागू पडूनही जो एकाच वस्तूपुरता मर्यादित होतो तो योगरूढ, जसे ‘पंकज’. ‘स्टेशन वॅगन’ हा शब्द या तिन्ही अवस्थांतून क्रमाने गेला. स्टेशनावर जाणारी कोणतीही गाडी या अर्थाने तो प्रथम यौगिक होता. स्टेशनावर जाणारी, लाकडी अंगाची, पाठीमागे सामानाची जागा असलेली विशिष्ट मोटार या अर्थाने तो योगरूढ झाला. आणि शेवटी, ज्या कुटुंबाने आगगाडीचा प्रवास कायमचा सोडला होता त्याच कुटुंबाच्या दाराशी ती उभी राहिली, तेव्हा तो निव्वळ रूढ झाला. येथे एक विरोध ध्यानात घेणे अवश्य आहे. उतारूस आगगाडीपर्यंत पोहोचविण्यासाठी जिचा जन्म झाला, तिच्याच वंशजांनी पुढे त्यास आगगाडीची गरज उरू दिली नाही. ज्या स्टेशनाचे नाव ती मिरवीत होती ते ओस पाडण्यास तिचाही हातभार लागला.

३

आता अंगावरील अवशेषाकडे वळू. १९२९ साली फोर्ड कंपनीने आपल्या ‘मॉडेल ए’ या मोटारीवर आधारलेली स्टेशन वॅगन स्वतःच्या यादीत घेतली. तिचे अंग लाकडाचे होते. मिशिगन राज्यातील आयर्न माउंटन येथे फोर्डची स्वतःची लाकडाची कामे होती. मॅपलसारख्या टणक लाकडाचा सांगाडा आणि त्यात बसविलेल्या फळ्या, अशी ही बांधणी होती. हे लाकूड शोभेसाठी आलेले नव्हते. थोड्या संख्येने विकल्या जाणाऱ्या लांबट अंगासाठी पोलादाचे अवाढव्य साचे करणे परवडत नसे. सुतारकाम परवडत असे. फिकट चौकट आणि तिच्यात गडद फळी हे या गाड्यांचे ओळखीचे रूप बांधणीच्या निकडीतून आले होते. लाकडाचे दोषही उघड होते. दरवर्षी वॉर्निश द्यावे लागे, सांधे सैल होत, पावसात लाकूड फुगे आणि खडबडीत रस्त्यावर सबंध गाडी कुरकुरत असे.

पोलादाने ही अडचण दूर केली. शेव्हरोलेची सबर्बन १९३५ सालीच पोलादी अंगाची निघाली होती. १९४६ साली विलीस-ओव्हरलँड कंपनीने जीपच्या सांगाड्यावर ब्रूक्स स्टीव्हन्स या आकृतिकाराकडून पूर्ण पोलादी स्टेशन वॅगन करवून घेतली, आणि १९४९ च्या प्लिमथ सबर्बननंतर लाकडी अंगाचे दिवस भरले हे सर्वांस कळून चुकले. परंतु त्या १९४६ च्या विलीस गाडीचे रंगकाम पाहण्यासारखे आहे. तिचे पोलाद दाबतानाच त्यात चौकटी उठविल्या होत्या, आणि त्या चौकटी पिवळट व तपकिरी रंगांनी अशा रंगविल्या होत्या की दुरून पाहणाऱ्यास लाकडाचा भास व्हावा. लाकूड ज्या क्षणी अनावश्यक ठरले त्याच क्षणी लाकडाच्या आभासाचा आरंभ झाला.

फोर्डची ‘कंट्री स्क्वायर’ ही या आभासाची सर्वांत दीर्घायुषी मूर्ती. १९५० साली ती आली तेव्हा तिच्या अंगास खरे लाकूड होते. १९५२ पासून पोलादी अंगावर लाकडाच्या छापाचा पापुद्रा चिकटवू लागले. त्याभोवती काही काळ खऱ्या लाकडाच्या पट्ट्या राहिल्या, मग त्याही फायबरग्लासच्या झाल्या. ब्यूइकने १९५३ साली खऱ्या लाकडाची आपली शेवटची वॅगन काढली. कंट्री स्क्वायर १९९१ पर्यंत निघत राहिली. म्हणजे खऱ्या लाकडाची दोन वर्षे आणि नकलेची जवळजवळ चाळीस. नकलेचे आयुष्य असलापेक्षा वीसपट मोठे ठरले.

४

या पूर्णाकार गाडीच्या इतर अंगांवर टीका करताना मात्र हात आखडता घेण्याचे कारण नाही. कारण त्यांतील काही खरोखर बुद्धीची फळे आहेत. त्यांत पहिला मान पाठीमागच्या दारास दिला पाहिजे. जुन्या वॅगनचे दार दोन भागांचे असे : वरची काच वर उघडे, खालची फळी खाली पडे. सामान चढविण्यास हे ठीक. पण माणसास आत शिरावयाचे झाल्यास खाली पडलेली फळीच आडवी येई. १९६६ साली फोर्डने एकच दार दोन प्रकारे उघडेल अशी योजना केली. सामानासाठी ते फळीसारखे खाली पडे आणि माणसांसाठी दारासारखे बाजूस वळे. एका वस्तूकडून दोन विरुद्ध कामे करवून घेण्याची ही युक्ती साधी आणि निर्दोष होती.

जनरल मोटर्सने १९७१ ते १९७६ या काळात याहून मोठी झेप घेतली. त्यांच्या पूर्णाकार वॅगनची पाठीमागची काच वर छतात सरके आणि खालचे दार तळाखाली अदृश्य होई. दोन शिंपल्यांच्या हालचालीसारखा हा प्रकार होता. गाडी भिंतीस लावून उभी केली तरी दार उघडण्यास जागा लागत नसे. परंतु यंत्रणा जड, गुंतागुंतीची आणि खर्चाची होती, आणि १९७७ साली गाड्यांचा आकार घटविला तेव्हा ती सोडून दिली. फोर्डचे दार प्रश्न सोडवून थांबले. जनरल मोटर्सचे दार प्रश्न सोडविल्यावरही चमत्कार करीत राहिले. चांगल्या आणि अतिरिक्त रचनेतील अंतर या दोन दारांइतके स्पष्टपणे क्वचितच दिसते.

तिसऱ्या ओळीच्या आसनांचा इतिहासही बोधप्रद आहे. १९५७ साली क्रायस्लरने पाठीकडे तोंड करून बसण्याचे तिसरे आसन आणले. फोर्डने १९६५ पासून शेवटच्या भागात समोरासमोर बसण्याची दोन छोटी आसने दिली. जनरल मोटर्सच्या शिंपली-दाराच्या गाड्यांत तिसरी ओळ पुन्हा पुढे तोंड करून बसू लागली. पाठीकडे तोंड करून बसणे अमेरिकेत नवलाईचे म्हणून जाहीर झाले; दौंडच्या स्टेशनाबाहेर टांग्यात मागे बसलेल्या कोणासही त्यात नवल वाटले नसते. मागे बसणाऱ्यास पुढचा रस्ता दिसत नाही, सुटलेला दिसतो, आणि वजनाचा तोल साधण्यासाठी त्यास तसे बसविलेले असते, हे टांग्याच्या उतारूस फार पूर्वीपासून ठाऊक होते.

आकाराविषयी मात्र स्तुती करणे कठीण आहे. सत्तरीच्या दशकाच्या आरंभीची पूर्णाकार वॅगन सुमारे १९ फूट लांब आणि सुमारे ५,००० पौंड, म्हणजे सव्वादोन टनांच्या घरात वजनाची होती. ब्यूइकच्या वॅगनमध्ये साडेसात लिटरचे इंजिन असे. आसने मोडून ठेवली की चार फूट रुंद आणि आठ फूट लांब प्लायवुडचा अखंड तक्ता तिच्यात सपाट मावे, आणि हेच तिच्या क्षमतेचे माप म्हणून सांगितले जाई. पण आठवड्यातील सहा दिवस त्या जागेत एखादी पिशवी असे. १९७३ च्या तेलटंचाईने हा हिशेब उघडा पाडला. इंधनाच्या काटकसरीचा अमेरिकन कायदा १९७५ साली होऊन १९७८ च्या गाड्यांपासून लागू झाला. आणि १९८३ च्या अखेरीस क्रायस्लरची लहान व्हॅन बाजारात येताच वॅगनचे काम तिने उचलले. अमेरिकेतील शेवटच्या पूर्णाकार वॅगन १९९६ साली निघाल्या. नवलाची गोष्ट अशी की त्या नव्या व्हॅनच्या अंगावरही लाकडी छापाचा पापुद्रा मिळत असे. वस्तू बदलली, नाव बदलले. आभासाने मात्र नव्या अंगावर उडी घेतली.

५

हा आभास म्हणजे नेमके काय? कलेतील प्रामाणिकपणाचा आग्रह धरणारा टीकाकार त्यास सरळ असत्य म्हणेल : पोलादाने पोलादासारखे दिसावे. हे मत सोपे आहे; ते पुरेसे आहे की नाही हे तपासले पाहिजे.

भाषेतील एक उदाहरण येथे सहज आठवते. मराठी लेखनात एके काळी न उच्चारले जाणारे अनुस्वार असत. ‘घरांत’, ‘मुलें’, ‘पाहूं’ यांवरील टिंब जिभेवर नव्हते. ते केवळ पूर्वीच्या रूपाची खूण म्हणून लेखणीत राहिले होते. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम शासनाने स्वीकारले आणि ही टिंबे गेली. ती असत्य होती काय? तसे कोणी म्हणणार नाही. ती स्मृती होती. आणि तिचे ओझे लिहिणाऱ्यास झेपेनासे झाले म्हणून ती उतरविली गेली. पोलादावरील लाकडाचा छाप असाच अनुच्चारित अनुस्वार आहे, असे प्रथमदर्शनी वाटते.

तथापि हे साम्य टिकत नाही. अनुच्चारित अनुस्वार काढल्याने शब्दाचा दर्जा बदलत नाही. फोर्डच्या गाड्यांत मात्र ‘कंट्री सेडान’ आणि ‘कंट्री स्क्वायर’ अशा दोन वॅगन शेजारीशेजारी विकल्या जात. दोहोंचे अंग तेच. डोळ्यांत भरणारा भेद लाकडी छापाचा आणि किमतीचा. भाषाशास्त्रात एकाच ध्वनीने भिन्न होणाऱ्या शब्दांच्या जोडीवरून तो ध्वनी अर्थभेदक आहे असे सिद्ध करतात. ‘कात’ आणि ‘खात’ यांतील महाप्राण जसा अर्थभेद करतो, तसा या दोन गाड्यांत लाकडाचा छाप अर्थभेद करतो. म्हणजे तो मुका नाही, तो बोलतो. मात्र तो लाकडाविषयी बोलत नाही, मालकाविषयी बोलतो.

तेव्हा उपमान बदलले पाहिजे. ‘गुरुजी आले’ या वाक्यात क्रियापद अनेकवचनी आहे आणि गुरुजी एकच आहेत. संख्येच्या दृष्टीने ते रूप खोटे. परंतु आदराच्या दृष्टीने खरे. अनेकवचनाचे मूळ काम सुटले आणि त्यास सामाजिक काम मिळाले. लाकडाचा छाप हे पोलादाचे आदरार्थी बहुवचन आहे. ‘स्क्वायर’ म्हणजे इंग्लंडातील खेड्याचा जमीनदार, आपल्या भाषेत गावचा वतनदार. शहराच्या कडेस नव्या वस्तीत राहणाऱ्या नोकरदाराने हा किताब गाडीच्या अंगावर लिहवून घेतला. आदरार्थी बहुवचनास कोणी असत्य म्हणत नाही. पण दुसऱ्याने दिलेला आदर आणि स्वतः स्वतःस लावलेले बहुवचन यांत फरक असतो, आणि हा फरक मराठी माणसास वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

६

याच प्रश्नाची दुसरी बाजू शिरूरच्या रस्त्यावर पाहावयास मिळते. १ जून १९४८ रोजी मुंबई प्रांताच्या सरकारी वाहतुकीची पहिली बस अहमदनगरहून, म्हणजे आजच्या अहिल्यानगरहून, पुण्यास निघाली. ती बेडफर्ड बनावटीची होती. तिचे अंग लाकडी होते आणि आसने काथ्याने विणलेली होती. तिचा मार्ग शिरूरवरून जात होता. अमेरिकेत खऱ्या लाकडाच्या वॅगनचे अखेरचे दिवस चालू असताना शिरूरच्या लोकांनी सार्वजनिक वाहतुकीचे लाकूड प्रथम पाहिले, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. पुढे एस.टी.च्या बसचे अंग धातूचे झाले. परंतु त्या धातूवर लाकडाचा छाप उमटविण्याचे कोणास सुचले नाही. बस तांबडी राहिली, आणि लोकांनी तिला ‘लाल डबा’ म्हटले. एस.टी. या दोन अक्षरांचे त्यांनी ‘यष्टी’ केले. वाघिणीप्रमाणेच हाही शब्द वस्तू वापरणाऱ्यांच्या तोंडी घडला. संस्कृतात ‘यष्टि’ म्हणजे काठी, याच्याशी त्यांस कर्तव्य नव्हते.

लाकडाचा मोह येथे का पडला नाही? याचे कारण साधेपणाची आवड हे नव्हे. शिरूर-दौंडच्या उतारूच्या घरी त्या काळी खऱ्या लाकडाची गाडी उभी होती. तिचे जू, आरे, तुंबा ही अंगे त्याच्या रोजच्या बोलण्यातील होती. चाकावर धाव चढविण्यासाठी लोहाराकडे आणि मोडलेला आरा बदलण्यासाठी सुताराकडे त्यास दरवर्षी जावे लागे. ज्याच्यासाठी लाकूड म्हणजे खर्च, खोळंबा आणि खांद्यावरचे ओझे, त्यास लाकडाच्या चित्राचे सुख होत नाही. आभासाच्या आस्वादास अंतर लागते. खेडे सोडून एक-दोन पिढ्या झाल्याखेरीज खेड्याचा देखावा भिंतीवर टांगावासा वाटत नाही. अमेरिकन नोकरदारास हे अंतर १९५० साली मिळाले होते. शिरूरच्या शेतकऱ्यास मिळाले नव्हते.

आज ते मिळाले आहे. पुणे-नगर आणि पुणे-सोलापूर या दोन्ही रस्त्यांवरील जेवणाच्या ठिकाणी बैलगाडीचे चाक दाराशी उभे केलेले दिसते, आणि कुंपणाचे खांब सिमेंटचे असून त्यांवर झाडाच्या सालीचा रंग व गाठी काढलेल्या असतात. त्या सिमेंटच्या ओंडक्यावर टेकणाऱ्या तरुणास चाकाच्या मधल्या भागास काय म्हणतात असे विचारले तर ‘तुंबा’ हे उत्तर मिळेलच अशी खात्री देता येत नाही. अमेरिकन वॅगनच्या लाकडी छापाला हसण्याचा अधिकार त्यामुळे पूर्वीइतका निर्वेध राहिलेला नाही. हानी सिमेंटला रंग दिल्याने होत नाही. रंग राहतो आणि शब्द जातो, यात हानी आहे. कारण चाकाचे चित्र रंगारी केव्हाही काढू शकेल. त्या चाकाच्या प्रत्येक अवयवास नाव देणारी भाषा मात्र पुन्हा रंगविता येत नाही.

७

शेवटी प्रयोजनाचा प्रश्न उरतो. नाव अमेरिकेत राहिले, रूप पापुद्र्यात राहिले. मग स्टेशनापर्यंत माणूस पोहोचविण्याचे मूळ काम कोठे गेले? त्याचे उत्तर विलीसच्याच वंशावळीत सापडते. १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीने त्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीस जीपची जुळणी सुरू केली. ‘जीप’ हा शब्द मराठीत स्त्रीलिंगी होऊन घरचा झाला. पुढे जीपच्या पाठीमागे समोरासमोर दोन बाकडी टाकून, टपावर सामान बांधून, एस.टी. जेथे वेळेवर जात नाही तेथून माणसे गोळा करणारी प्रवासी जीप ग्रामीण महाराष्ट्रात सर्वत्र धावू लागली. आकुर्डीची ट्रॅक्सही तिच्या जोडीस आली. फोर्डने १९६५ साली मुलांच्या मौजेसाठी दिलेली समोरासमोरची बैठक येथे बाजारकरी, विद्यार्थी आणि आजारी माणसांसाठी आली. या वाहनात गर्दी होती, धोका होता आणि नियमांचे उल्लंघनही होते; तिचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. परंतु ‘स्टेशन वॅगन’ या शब्दाचा यौगिक अर्थ पूर्णपणे लागू पडेल असे वाहन शोधावयाचे तर ते हेच. तिला ते नाव मात्र कोणी दिले नाही.

नावाचा प्रवास मागाहून वेगळ्याच वाटेने या भागात आला. अमेरिकनांच्या ‘स्टेशन वॅगन’ला इंग्रज ‘इस्टेट’ म्हणतात. त्यांच्या मनात मळ्याची, जमीनजुमल्याची गाडी आहे. टाटांनी १९९२ साली ‘इस्टेट’ नावाची गाडी काढली. मराठीत ‘इस्टेट’ म्हणजे मालमत्ता. त्यामुळे येथील वाचकास त्या नावात वाहनाच्या प्रकाराऐवजी मालकाची ऐपत ऐकू आली असल्यास आश्चर्य नाही. ‘स्क्वायर’ने जे लाकडाच्या छापाने साधले ते येथे शब्दाच्या अपघाताने साधले. आणि २०१७ पासून शिरूर तालुक्यातच, रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत, जीप कंपनीची ‘कंपास’ ही गाडी तयार होऊ लागली. ज्या नावाच्या गाडीवर १९४६ साली पोलादाने लाकडाचे सोंग घेतले, त्याच नावाच्या गाड्या स्टेशन नसलेल्या तालुक्यात घडल्या.

सारांश, स्टेशन वॅगनवरील टीकेचा निर्णय तिच्या लाकडाच्या खरे-खोटेपणावर लावणे योग्य नाही. तिचे दुहेरी दार हे तिचे सर्वांत सत्य अंग आहे, कारण ते माणूस आणि सामान या दोहोंच्या गरजेकडे पाहून घडले. तिचा आकार हा तिचा सर्वांत मोठा दोष, कारण तो गरजेच्या प्रसंगाकडे पाहून ठरला आणि रोजच्या दिवसाकडे पाहून ठरला नाही. तिचा लाकडी छाप या दोहोंच्या मध्ये उभा आहे : तो असत्य नाही, पण त्याचे सत्य वस्तूविषयी नसून मालकाविषयी आहे. वस्तूची परीक्षा करताना तिच्यावर काय चिकटविले आहे हे पाहावेच. परंतु ती वापरणाऱ्यांनी तिला स्वतः होऊन कोणते नाव दिले हे त्याआधी पाहावे. कंट्री स्क्वायरला विक्रेत्याने दिलेल्या किताबाहून निराळे नाव घेऊन मराठीत येण्याचा प्रसंग आला नाही. दौंडच्या यार्डात उभ्या असलेल्या मालाच्या डब्यास मात्र कोणीही न सांगता ‘वाघीण’ हे नाव मिळाले, आणि ते अजून चालते आहे.